आईच्या खोक्यातलं ढेकूळ

शेतावरून,
२२ एप्रिल १९५६

प्रिय आर्लिस,
सा. न. वि. वि.

आईचं खुराडं कोंबड्यांसकट जळालं त्यातून घराच्या तळघरात उबवायला ठेवलेली अंडी तेवढी वाचली होती, ती काल फुटली. चोवीस पिल्लं! आईला जाऊन दोन महिने झाले नाहीत, आणि तिच्या ठिपकेवाल्या कोंबड्यांचा वंश आता एवढाच. ठरल्याप्रमाणे बारा तुझी, रविवारी चर्चला आणतो. माझी बारा शेजाऱ्याकडून आणलेल्या खुडूक कोंबडीखाली बाहेर अंगणात. तू शहरातल्या स्वयंपाकघरात दिव्याखाली बाहुल्या वाढव. सप्टेंबरात पहिलं अंडं कुणाच्या घरी पडतं ते बघूच.

थोरली बहीण आहेस, टोमणा पचवशील.
तुझा व्हर्लिन

१३ मे

चि. व्हर्लिन यास,
अ. उ. आ.

माझी बाराच्या बारा ठणठणीत आहेत, सात माद्या आणि पाच नर. रोज खोक्यातले कागद बदलते, पाण्याचं भांडं उकळून घेते. डेलबर्ट म्हणतो, नवऱ्याला या घरात इतकं स्वच्छ ताट कधी मिळालं नाही. आई तिसऱ्या दिवशी अंगणातलं गवताचं ढेकूळ उकरून खोक्यात ठेवायची, आठवतं? पिल्लांना खेळायला असेल. तो चिखल मी काही घरात येऊ दिला नाही.

तुझी तीन ससाण्याने नेली म्हणे. हट्ट सोड आणि उरलेली आत घे. आईचं दुसरं काय राहिलंय आपल्याकडे?

रागावलेली तरी तुझीच,
आर्लिस

५ जून

प्रिय आर्लिस,
सा. न. वि. वि.

हसू नकोस. परवा लिंबाएवढ्या गारा पडल्या. खुडूक बिचारी पंख पसरून बसली होती. तीही गेली आणि तिच्याखालची सातही. उरले दोन, तेही नर. तू जिंकलीस बाई. आता सगळी भिस्त तुझ्या सात माद्यांवर. त्या खोक्यात मावत नाहीत म्हणालीस ना, मग सगळी इकडे आण. जाळीचं घर बांधलंय, वर पत्रा घातलाय.

वाट पाहतो. येताना तुझी ती भाजलेली आंबटगोड रुबार्बची पाई आण.
हरलेला व्हर्लिन

२८ जून

प्रिय आर्लिस,
सा. न. वि. वि.

तीनदा कागद घेतला आणि ठेवून दिला. तुझी बाराही गेली. तू सोडून गेलीस त्याच्या सहाव्या दिवशी माना टाकून बसली, विष्ठेत रक्त. पशुवैद्याने पाण्यातून औषध दिलं, पण पिणार कोण? माझ्या दोघांना काहीच झालं नाही. तो म्हणाला, हा रोग अंगणाच्या मातीतच असतो. लहानपणी चिमूटचिमूट माती चोचीत गेली की पिल्लू निभावून नेतं, मोठेपणी एकदम गेली की मरतं.

स्वतःला दोष देऊ नकोस. त्या ढेकळाचं कारण आईने मला सांगितलं होतं, तू शहरात गेल्यावर. तुझं मे महिन्याचं पत्र वाचलं तेव्हाच मला ते आठवलं. एका ओळीचं काम होतं, आर्लिस. मी लिहिली नाही. म्हटलं, दोनतीन आजारी पडू देत, ताईसाहेबांचा तोरा उतरेल. मग गारा पडल्या आणि माझ्या डोक्यातून गेलं. तुला बोलावलं तेव्हाही आठवलं नाही.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे. आज मला ते मागायचं तोंड नाही.

सकाळी दोन्ही कोंबडे पहिल्यांदाच आरवले. आवाज अगदी आईच्या कोंबड्याचा. अंगणात ऐकायला एक कोंबडी नाही.

व्हर्लिन