ओपनचा विषय

१० जून, मंगळवार

आजपासून मी तज्ज्ञ! विद्यापीठातल्या कार्यशाळेला आमच्या कॉलेजातून मी एकटीच गेले होते — बाकीच्यांना नेमकी तेव्हाच लग्नं होती. आता त्याची शिक्षा म्हणून सगळ्या प्राध्यापकांना मीच शिकवायचं. काय, तर नव्या मुलांना पहिल्या सत्राचे विषय निवडायला मदत कशी करायची. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह — म्हणजे आपल्या शाखेबाहेरचा कुठलाही एक विषय — वगैरे. प्राचार्यांनी सुरुवातीला सत्कार केला. बाईमाणसाला टोपी घालावी की नाही या विचारात क्षणभर थांबले, मग नुसता टॉवेल दिला. टॉवेल बरा आहे.

नियम एकच सांगितला, तीनतीनदा. आपला विषय विकायचा नाही. मुलाला विचारायचं, ऐकायचं, माहिती द्यायची. ठरवायचं त्यानं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मुलं आली नाहीत की तास जातात, तास गेले की माणूस जादा ठरतो, हे त्या हॉलमधल्या प्रत्येकाला पाठ आहे. म्हणजे मी दुकानदारांना सांगत होते, गिऱ्हाइकाला शेजारच्या दुकानाचा पत्ता द्या.

कन्नडचे चनमल्लप्पा सर उठून म्हणाले, माझ्या दुकानात कोणी येतच नाही, मी विकू कुणाला? हशा झाला. शेवटी बुद्धप्रियानं एक शंका काढली. ही आमच्या भूगोल विभागात तासिका तत्त्वावर शिकवते, हे तिचं तिसरं वर्ष. ओपन इलेक्टिव्हला मराठीत काय सांगायचं पोरांना, म्हणाली. मी म्हटलं, तसंच सांगा, कळतं त्यांना. चहा गार होत होता.

१२ जून

आज सराव. चनमल्लप्पा सर विद्यार्थी झाले. समोरच्यानं काहीही विचारलं की खाली मान घालून, “तुमी सांगाल ते, सर.” इतकं हुबेहूब, की मला माझी शिकवण्याची वीस वर्षं दिसली. असं उत्तर आलं की पेन खाली ठेवायचं आणि पुन्हा तोच प्रश्न विचारायचा, असं मी ठरवून दिलं. माझ्या डोक्यातून आलेली यातली एवढीच गोष्ट. बाकी सगळं विद्यापीठाचं.

१८ जून, बुधवार

समुपदेशन सुरू. पोर्चमध्ये टेबलं मांडली, पंखे आणले, लाइट गेली. मुलं आई-वडिलांना घेऊन येतात. वडिलांचा प्रश्न ठरलेला — नोकरी कशात हाय? मुलगा तेवढ्या वेळात भिंतीवरची कोनशिला वाचतो.

अक्कलकोटकडची एक बाई फक्त कन्नड बोलणारी. चनमल्लप्पा सरांना बोलावलं. त्यांनी तिच्या लेकीशी बराच वेळ गप्पा मारल्या आणि तिला मानसशास्त्राच्या टेबलावर नेऊन बसवलं. आपल्या विषयाचं नावसुद्धा काढलं नाही. नियम पाळणारा एकुलता एक माणूस सापडला, त्याचाच वर्ग रिकामा.

२४ जून

घसा बसला. बाकी काही नाही.

३ जुलै, गुरुवार

याद्या लागल्या. आमचा ओपन इलेक्टिव्ह ‘पर्यटन भूगोल’ तुडुंब! दोन तुकड्या कराव्या लागणार. स्टाफरूममध्ये अभिनंदन झालं, त्यातलं निम्मं तिरकं. नियम सांगणारीनंच दुकान भरलं, असं कुणीतरी पाठीमागे बोललं. मी काही केलेलं नाही. विषय आवडला असेल.

प्राचार्य म्हणाले, बुद्धप्रियाला यंदा पूर्ण तास द्या. ती जिन्यात उभी राहून आईला फोन करत होती. यंदाही अर्धेच तास मिळाले तर शिकवणं सोडून साडीच्या दुकानात काउंटरला बसायचं, असं आईला कबूल करून आली होती. आता बसावं लागणार नाही. मला आनंद झाला. म्हणजे, बरं वाटलं.

७ जुलै, सोमवार

पहिला तास. सवयीनं विचारलं, हा विषय का निवडला? मग मंद्रूपची पिंकी म्हणून मुलगी आहे, कॉमर्सची, ती उठली.

“आमी न्हाय घेतला म्याडम. आमाला हितं टाकलंय.”

फॉर्मवर तू काय लिहिलं होतंस? काहीच नाही, म्हणाली. तिथे ‘ओपन’ असं होतं आणि ती कॅटेगरीतली. “ओपनचं आमी कसं भरायचं?”

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. आणखी कोणी कोणी कोरं सोडलं, विचारलं. जवळजवळ अख्ख्या वर्गाचे हात वर! पहिलीच्या दाखल्यापासून या मुलांनी ओपन हा शब्द एकाच अर्थानं ऐकला आहे. ओपन म्हणजे ज्यांना जातीचा दाखला लागत नाही ते. ते आपलं नाही, म्हणून मुकाट्यानं सोडून दिलं. भांडण नाही, तक्रार नाही. आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरनं उरलेली सगळी पोरं जागा होत्या तिथे भरली. जागा माझ्याकडे होत्या.

पिंकीला खरं तर रोपवाटिका हवी होती. बोर्डावर नाव वाचलं होतं. तिचा मामा डाळिंबाची कलमं करतो. “ते लई आवडलं हुतं, पन ते ओपनवाल्यांचं की.” अगदी साधेपणानं म्हणाली. मी पर्यटनाचे प्रकार शिकवले. पूर्ण तास.

दुपारी चनमल्लप्पा सरांना विचारलं, तुमच्या टेबलावर हे कसं निसटलं? ते म्हणाले, पोरं म्हणायची आमी ओपन नाही, मला वाटलं तसा नियमच असंल. प्राध्यापकालासुद्धा तसंच वाटलं! आणि बुद्धप्रियानं नेमकं हेच पहिल्या दिवशी विचारलं होतं. मला तेव्हा चहाची घाई.

८ जुलै

शांतपणे विचार केला. हे बोलले तर विषय बदलायची मुभा द्यावी लागेल. मुलं जातील, तुकडी मोडेल, बुद्धप्रियाचे तास जातील, ती साडीच्या दुकानात. नाही बोलले तर पोरं एक सत्र पर्यटन शिकतील. त्यात कुणाचं फार बिघडत नाही. पिंकीला कलमं मामा शिकवेल.

घरी शिवराजना विचारलं. नवरा बँकेत असला की उत्तर लवकर मिळतं. कुणी लेखी तक्रार केली आहे का, म्हणाले. नाही ना? मग?

तेव्हा ठरलं. बुद्धप्रियासाठी गप्प बसायचं. वाक्य चांगलं वाटलं. झोपही लागली.

१० जुलै

काही नाही. पिंकी आता पहिल्या बाकावर बसते. वही नीट लिहिते.

१४ जुलै, सोमवार

बुद्धप्रियाच्या तुकडीनंही तिला तेच सांगितलं. तडक माझ्याकडे आली. तुम्हाला ठाऊक आहे का, विचारलं. मी म्हटलं, आठवडा झाला. आणि मग, अगदी उपकार सांगतात त्या आवाजात, हेही सांगितलं की तुझ्यासाठी गप्प आहे.

“माझ्यासाठी? मला इचारलं का तुमी?”

माझ्याशी नेहमी पुस्तकासारखं बोलते. आज ते सगळं गेलं. तुझे तास जातील, मी म्हटलं. त्यावर म्हणाली, जातील ते तिला दिसतंय, ती भूगोलवाली आहे, आंधळी नाही. पण त्या पोरांना त्यांचं नाही म्हणून बाहेर ठेवलंय, आणि ते तिच्या नावावर चाललंय. उद्या ती वर्गात सांगणार. “तुमी सांगितलं तर बरं दिसंल.”

गेली. मला राग आला. तिचाच आला. इतकी काळजी केली तर वर तोंड करून बोलते! संध्याकाळपर्यंत राग उतरला आणि लाज वाटायला लागली. ती अजून उतरलेली नाही.

१५ जुलै

सांगितलं. दोन्ही तुकड्या हॉलमध्ये बसवल्या, फळ्यावर ‘ओपन’ लिहिलं, खाली लिहिलं — खुला, सगळ्यांना. याचा जातीच्या दाखल्याशी संबंध नाही, म्हटलं. चूक आमची, तुमची नाही. मागून एकानं विचारलं, “एस्सीलापन?” मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात बुद्धप्रिया म्हणाली, “मी एस्सीच हाय. मी भरला असता.” मुलं हसली. सुटल्यासारखी हसली.

प्राचार्यांनी विषय बदलायला मुदत दिली. तुम्ही काय केलंत कळतंय ना, विचारलं. कळतंय म्हटलं. दारापर्यंत आल्यावर म्हणाले, पुढच्या वर्षी ट्रेनिंग दुसऱ्या कुणाला देऊ.

२१ जुलै, सोमवार

रोपवाटिका भरली. मानसशास्त्र भरलं. कन्नड संभाषणालासुद्धा चांगला वर्ग मिळाला! कापडाच्या दुकानात कामाला लागायचं तर कन्नड पाहिजे, असं मुलांनीच सांगितलं. चनमल्लप्पा सर बावरले आहेत. आता रोज तयारी करावी लागंल, म्हणतात.

पर्यटन भूगोल — एक लहानशी तुकडी. ती माझ्या तासांत बसते. बुद्धप्रियाची नेमणूक रद्द. क्लार्कनं कागद दिला, तिनं उभ्याउभ्या वाचला, घडी घातली आणि ग्रंथालयाची पुस्तकं आज द्यायची की उद्या चालतील, एवढंच विचारलं. मला वाईट वाटलं. लई वाईट वाटलं. जेवले नाही.

२८ जुलै, सोमवार

बैठक. आमच्या संस्थेच्या टेंभुर्णीच्या कॉलेजात भूगोलाला कायम माणूस नाही. सोलापुरातून कुणीतरी जावं, असा विषय दरवर्षी निघतो आणि दरवर्षी प्रत्येकाची अडचण निघते. माझी ठरलेली आहे, सासऱ्यांचा गुडघा. गुडघा बदलून तीन वर्षं झाली, ते आता माझ्यापेक्षा भरभर चालतात. आज मी गुडघा काढला नाही. मी गेले तर इथले माझे सगळे तास रिकामे होतात. ते घ्यायला पात्र माणूस एकच आहे.

२ ऑगस्ट, शनिवार

बुद्धप्रियाच्या घरी गेले. तिच्या आईनं, चांगुणाबाईंनी, चहा टाकला, वर भाकरी-शेंगाचटणी खाल्ल्याशिवाय सोडेनात. अंगणवाडीत स्वयंपाक करतात, नाही म्हटलेलं त्यांना ऐकू येत नाही. बुद्धप्रिया गेल्या सोमवारपासून साडीच्या दुकानात जाते. तिनं स्वतःच सांगितलं, आवाज न बदलता.

मी आल्याचं कारण सांगितलं. मी टेंभुर्णीला जाते, इथले तास तू घे. “चालेल?” या वेळी विचारून करत होते. त्याचा थोडा अभिमानही वाटत होता.

तिनं चटणीची वाटी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, “तुमाला जायचंय का, ते सांगा आदी.”

प्रश्न तो नाही, मी म्हटलं.

“तोच हाय की.”

मी सांगत सुटले. एस.टी.चं रोजचं जाणं-येणं, घर, शिवराजचा डबा, आमच्या शुक्रवार पेठेत कोण काय म्हणेल. तिनं सगळं ऐकून घेतलं, कप खाली ठेवला आणि पुन्हा तेच विचारलं. अगदी मी शिकवलं तसं. चांगुणाबाई म्हणाल्या, चहा तर पिऊ दे त्यास्नी.

५ ऑगस्ट

शिवराजना सांगितलं, टेंभुर्णीचा विचार आहे. त्यांचा पहिला प्रश्न — कुणी सांगितलं तुला? वाईट मनानं नाही विचारलं. माझ्या बाबतीत तोच प्रश्न येतो.

भूगोल घेतला कारण त्याचे तास सकाळी असायचे आणि आण्णाला, माझ्या भावाला, तेव्हा सोडायला जमायचं. लग्न ठरलं तेव्हा मी परीक्षेला बसले होते. नोकरी जिथे जागा निघाली तिथे. त्यात कुणी वाईट केलं नाही, दिवस बरे गेले. पण हजारभर मुलांना तुला काय हवंय म्हणून विचारायला लोकांना शिकवलं, आणि तो प्रश्न माझ्यापर्यंत आला तर मी एस.टी.च्या वेळा सांगत बसले.

बुद्धप्रियावर उपकार करायला निघाले होते. ते सोपं होतं. तेवढ्यावर सही करून मोकळी झाले असते, आणि जन्मभर तिला ऐकवलं असतं. तिला बाजूला ठेवून स्वतःला पुन्हा तेच विचारलं, तरी टेंभुर्णी मनातून जाईना.

८ ऑगस्ट, शुक्रवार

बदलीचा अर्ज दिला. प्राचार्यांनी दोनदा वाचला. म्हणाले, कारण बदला, ‘संस्थेच्या हितासाठी’ लिहा, बरं दिसतं. नाही बदललं. कारण: मला जायचं आहे.