बुंदीला तुमचा ओरडा हवा

अहो,

हे पत्र मी टाकणार नाही, म्हणून खरं लिहिते. रोज सकाळी सात वाजता तुम्हाला जो मुका फोन येतो, तो मीच करते. माझा नंबर बघून तुम्ही उचलत नाही, म्हणून शेजारच्या अक्षदाच्या मोबाइलवरून.

कॅम्प तीनच्या बाजारात वरातवाल्यानं सोडून दिलेलं घोडीचं शिंगरू, ही बुंदी, मी बुवापाड्यात आपल्या घरी आणलं. महिनाभर तुम्ही तिच्यावर खेकसलात आणि मग "एक तर ही घोडी राहील, नाही तर मी," म्हणून बदलापूरला वन्संकडे निघून गेलात. त्या दिवसापासून बुंदीनं खाणं टाकलं. चणे नकोत, गाजर नको, नुसती मान खाली घालून उभी. गुरांचे डॉक्टर म्हणाले, "ताप नाही, जंत नाहीत. घरातलं कोणी गेलंय का?" मला मेलीचा रागच आला. असल्या माणसासाठी कशाला झुरायचं?

तुम्हाला चार शब्द सुनावावेत म्हणून फोन लावला, तर तोंडातून शब्दच फुटेना. फोन स्पीकरवर होता, बुंदी शेजारीच; तुम्ही मात्र ओरडलात, "कोण आहे? तोंडात काय कोंबलंय?" बुंदीचे कान ताठ झाले आणि तिनं घमेल्यात तोंड घातलं. तेव्हापासून हेच चालू आहे.

काल तुम्ही पोलिसात जायची धमकी दिलीत. तिनं सगळे चणे संपवून घमेलं चाटलं.

आज तुम्ही फोन उचललाच नाही. दुपार झाली, आम्ही दोघीही अजून उपाशी आहोत.

तुमचीच (घोडी ठेवून),
अंजनी