अकरा दिवस सतरंजीखाली

बाबा, तुम्ही गेलात त्याला सहा वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत तुम्हाला काही सांगावंसं वाटलं नाही. आता सांगतोय ते तुरुंगातून. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं, कारण मला जी आवडायची ती सदाशिव पेठेतल्या एका क्लासला जायला लागली आणि मी रोज समोरच्या फुटपाथवर उभा राहायला लागलो. एका संध्याकाळी स्वारगेटला ती एका मुलाबरोबर हसताना दिसली. माझ्या हातात हेल्मेट होतं. त्या मुलाला आता एका कानानं ऐकू येत नाही. ती साक्षीदार आहे. तारखेला कोर्टात दिसेल म्हणून मी आदल्या दिवशी दाढी करतो, एवढा मूर्ख मी अजून आहे.

पहिले दोन महिने संडासाच्या दाराशी झोपलो. नव्या माणसाची जागा तीच. ‘ए कॉलेज, सरक,’ एवढंच लोक माझ्याशी बोलायचे. मग एकाला घरी पत्र लिहून दिलं, दुसऱ्याला जामिनाचा अर्ज. कोर्टाबाहेर तुमच्या टाइपरायटरशेजारी शाळेच्या सुट्ट्या घालवल्या होत्या, त्यामुळे ‘मेहेरबान कोर्टास विनंती की’ हे हातातून आपोआप उतरलं. बराकीत ज्याची सत्ता होती तो दादाही बायकोला पत्रं माझ्याकडूनच लिहून घ्यायचा. त्याला दुसऱ्या जेलला हलवलं, त्याच संध्याकाळी त्याच्या दोन माणसांनी माझी सतरंजी उचलून पंख्याखाली, त्याच्या जागेवर घातली. मी सांगितलं नव्हतं. नको असंही म्हणालो नाही. आता पन्नाशीची माणसं मला भाऊ म्हणतात. सगळ्यांचे अर्ज माझ्याकडे जमतात आणि सकाळी जेलच्या ऑफिसात मीच देतो. कुणाची बायको रागावलीय, कुणाचा वकील फोन उचलत नाही, सगळं मला माहीत असतं. त्यामुळे कुणावर हात उचलावा लागत नाही.

फक्त एकजण भाऊ म्हणायचा नाही. यवतमाळकडचा, सेंटरिंगच्या कामावरचा, साइटवरच्या सळ्या चोरल्याचा आरोप. जामीन मंजूर झालेला, पण पुण्यात त्याला जामीन राहणार कोण? गावी आई आजारी. स्वतःच्या हमीवर सोडा, असा अर्ज मी त्याला लिहून दिला, त्यानं अंगठा केला. त्याच दुपारी माझा एक माणूस त्याला म्हणाला, ‘भाऊंचं ताट धू.’ तो सगळ्यांसमोर माझ्याकडे बघून म्हणाला, ‘काऊन धुवू जी? हे बी माह्यावानी तारखेवर लटकलेलेच. उद्या जजनं शिक्षा ठोकली तं यायलेबी ताट धुवा लागन.’ दोघंतिघं हसले. माझं डोकं तसंच फिरलं, स्वारगेटला फिरलं होतं तसं. पण या वेळी हात हलला नाही. मी त्याचा अर्ज फक्त सतरंजीखाली ठेवून दिला.

बाबा, मी आठवीत असताना एक रिटायर्ड कंडक्टर तुमच्या टेबलापाशी येऊन ‘तुम्हाला धड मराठी तरी येतं का?’ म्हणाला होता. तुम्ही मान खाली घालून त्याचा अर्ज पुरा केलात, त्याला वाचून दाखवलात, मग उठलात. संध्याकाळी नारायण पेठेतल्या आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही ओट्याशी उभे आहात, रिबनची शाई रॉकेलच्या बोळ्यानं बोटांवरून काढताय, आणि आई चहाला वास लागतो म्हणून करवादतेय. मी म्हटलं, त्याला ताटकळत बसवायचं होतं. तुम्ही वर न बघता म्हणालात, ‘बोलला तो मला. अर्ज साहेबांना आहे. दोन्ही एकत्र कालवायला मी काय भेळवाला आहे?’ मला तेव्हा तुमची लाज वाटली होती. तुम्ही घाबरलात असंच मी धरून चाललो होतो.

यवतमाळवाला रोज सकाळी विचारायचा, ‘अर्ज गेला काय?’ मी गेला म्हणून मान हलवायचो. नवव्या दिवशी त्याच्या गावाहून निरोप आला, आई गेली. अर्ज दिला असता तर तो आईपाशी वेळेत पोचला असता का, मला माहीत नाही. पोचलाही असता. दोन दिवसांनी तो माझ्यासमोर उकिडवा बसला. ‘तेरवीले तरी जाऊ देतीन काय, भाऊ? एक लिवून द्या.’ लिहिताना मला दोनदा कागद बदलावा लागला. अंगठा करून झाल्यावर म्हणाला, ‘पयला कुठी अडकला असन?’

‘कोर्टात,’ मी म्हणालो. ‘वेळ लागतो तिथे.’

‘हाव. तुमी काय करान त्याले. तुमी तं लिवला.’

नवा अर्ज मी लगेच ऑफिसात दिला. जुना फाडून संडासात टाकला. ऑर्डर अजून आलेली नाही. त्यालाही काही सांगितलेलं नाही.

इथून जाणारं प्रत्येक पत्र ऑफिसात वाचतात, म्हणून हे कुणाला लिहून कळवता येणार नाही, असं मी स्वतःला सांगतोय. पण तुम्ही आज असतात, मुलाकातीला जाळीपलीकडे येऊन त्याच्या पहिल्या अर्जाचं विचारलं असतंत, तरी मी तुम्हालाही कोर्टात अडकला असंच सांगितलं असतं.