स्किलाची गुहा आणि माझं स्वयंपाकघर

सोमवार, ४ मार्च

स्वयंपाकघरात जमिनीवर झोपून पाठ पार आखडली. आणि माझ्या पलंगावर वहिनीचा भाऊ! मनातल्या मनात मी त्याला साहेब म्हणते. नोकरी शोधायला आलेत. "आठवडाभराचाच प्रश्न आहे गं," असं दादा म्हणाला होता. मी म्हटलं, "बघते."

माझं 'बघते' म्हणजे 'नाही.' पण ते फक्त मलाच कळतं. दादाला 'हो' ऐकू आलं. तो आठवडा केव्हाच सरला.

बुधवार, ६ मार्च

आज दवाखान्यात एक समुपदेशक बाई आल्या होत्या. आम्हा सगळ्यांना बसवून घेतलं. विषय – आपली हद्द आपण कशी राखायची. त्यासाठी थेट ग्रीक पुराणातली समुद्रराक्षसीण! तिचं नाव स्किला. कड्यातल्या गुहेत राहते. सहा डोकी, आणि प्रत्येक तोंडात दातांच्या तीन-तीन रांगा. मी पडले कवळ्या बनवणारी. माझ्या डोक्यात आधी हेच, की हिच्या कवळ्यांना मेण किती लागेल! शेजारच्या नर्सला हळूच सांगितलं, तर ती फिस्सकन हसली. बाईंनी डोळे वटारले.

"ती कुणाच्या मागे धावत नाही," बाई म्हणाल्या. "पण जवळ आलेल्याला सोडतही नाही. तिची हद्द सगळ्या खलाशांना पाठ असते. तुमची कुणाला ठाऊक आहे?"

बाकीचे हसले. मला मेलं रडूच यायला लागलं.

आणखी म्हणाल्या, "नाही म्हणा आणि गप्प बसा. कारण दिलंत की समोरचा त्यावर तोड काढतो." अगदी आमचा दादा!

शुक्रवार, ८ मार्च

प्लॅस्टरचे जबडे समोर मांडून सराव केला. नाही. नाही. नाही! मागे डॉक्टर उभे. "कुणाशी बोलताय?" म्हटलं, पेशंटशी.

रविवार, १० मार्च

दादा आला. मी सगळा धीर गोळा केला. "दादा, नाही –"

"काय नाही?"

"नाही, म्हणजे... चहा टाकू ना?"

शी! चहा पिऊन म्हणतो, "त्याला अजून दोन-तीन महिने लागतील. तुलाही सोबत होते." सोबत! साहेब भांडं उचलून मोरीत ठेवत नाहीत.

पण काय बोलणार? बाबा गेल्यावर कॉलेज सोडून त्याने आम्हा दोघी बहिणींना वाढवलं. त्याच्यापुढे जीभ टाळ्याला चिकटते. आता हे असंच चालायचं. मी मेले तरी कुणीतरी येऊन म्हणेल, जरा सरकतेस का?

मंगळवार, १२ मार्च

जमलं!! दुपारी कामात होते, बोटं मेणाने माखलेली, तेवढ्यात धाकटीचा फोन. "ताई, थोडे दिवस येऊ का गं तुझ्याकडे?"

मी म्हटलं, "नाही."

कारण दिलं नाही. ती म्हणाली, "बरं. ठेवते." बस्स! एवढंच असतं होय?

जरा वेळाने – ती कधी काही मागत नाही खरं तर. लग्न झाल्यापासून एकदाही राहायला आलेली नाही. नवऱ्याला आवडत नाही म्हणून.

बुधवार, १३ मार्च

स्किलाची गोष्ट शोधून नीट वाचली. बाईंनी अर्धीच सांगितली! ती मुळात राक्षसीण नव्हतीच. चांगली देखणी पोरगी होती. एका जादूगारणीने जळफळाटापायी तिच्या आंघोळीच्या पाण्यात विष कालवलं. त्या जादूगारणीचा केससुद्धा हिला वाकडा करता आला नाही. मग हिने खाल्लं कुणाला? शेजारून चाललेल्या खलाशांना. बिचारे आपल्या घरी निघाले होते.

साहेब अजून पलंगावर आहेत. दादाला 'नाही' म्हणायची माझी छाती नाही. म्हटलं कुणाला, तर धाकटीला. कसली हद्द नि कसलं काय! भित्री आहे मी, दुसरं काही नाही.

काल तिच्या मागे गाड्यांचा आवाज येत होता. रस्त्यावरून बोलत होती की काय? परत परत फोन लावतेय. उचलत नाही. रागावली असेल. रागावलेलीच असू दे.

गुरुवार, १४ मार्च

धाकटीच्या नवऱ्याचा फोन. आवाज कसा गोड! "ताई, आमचं जरा वाजलं हो. माझा हात उठला, चुकलंच. मंगळवारपासून तुमच्याकडेच आहे ना ती? द्या जरा तिला."

मी म्हटलं, "आहे. पण देणार नाही. आणि तू इकडे फिरकायचं नाहीस."

त्याला ते खरं वाटलं. फोन ठेवला त्याने.

धाकटीचा फोन आता बंद लागतोय.