रंग सारखा, खाच वेगळी

सोमवार, ४ मार्च

लेथ मला दिली! दादाची लेथ.

सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाले, "तीन महिने स्टोअर सांभाळलंस, चार महिने छोट्या मशीनवर शिकलीस. आता कुठल्या कामाला कुठला इन्सर्ट लावायचा, ते तूच ठरवायचं." टाळ्या पडल्या. मी हसले. 

ऑगस्टमध्ये याच चकवर, शाफ्ट धरून फिरणाऱ्या जबड्यावर, दादाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. चिप, कातताना निघणारी लोखंडाची साल, गुंडाळली गेली होती, ती ओढायला त्याने चालू मशीनमध्ये हात घातला. तेव्हापासून तो घरीच.

वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "त्याला तूच सांग बाई." नाही सांगितलं.

मंगळवार, ५ मार्च

शाफ्ट जाड आहेत. घडवून आलेलं पोलाद, वरची कातडी ओबडधोबड. काळा इन्सर्ट निवडला, नखाएवढी कापणारी पाती. डब्यावर लिहिलं होतं — पोलादासाठी, जास्त वेगासाठी, जाड कोटिंग. मला वाटलं, जितका कडक तितका चांगला.

तिसऱ्या शाफ्टला — टक! इन्सर्टचं टोक उडून समोरच्या गार्डवर आपटलं. मी मशीन बंद केली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिले. शेजारच्या मशीनवरून कुणीतरी ओरडलं, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, टोक गेलं." जणू रोजचंच!

बुधवार, ६ मार्च

पोट दुखतंय सांगून अर्धा दिवस सुट्टी घेतली. पोट दुखत नव्हतं.

गुरुवार, ७ मार्च

आज सोनेरी लावला. चिवट ग्रेड, पातळ कोटिंग, दणके सोसणारा. टोक टिकलं. पण चिप तुटेना! लांबच लांब निळी रिबीन, वळवळत, गरम, बघता बघता चकभोवती गुंडाळायला लागली. मी फीड, म्हणजे पाती पुढे सरकण्याचा वेग, कमी केलं. रिबीन आणखी लांब. आणखी कमी केलं. आता ती फटके मारत फिरायला लागली — सूं, सूं! कशीबशी मशीन थांबवली. हुकाने चिप सोडवताना हुक दोनदा हातातून पडला.

जेवताना दादाने वर न बघताच विचारलं, "माझ्या मशीनवर कोण आहे सध्या?"

वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मी."

त्याने डाव्या हाताने घास उचलला. मग — "चिप तुटते का?"

"नाही."

"फीड किती?"

"शून्य पॉइंट एक."

"घाबरून कमी ठेवलंस. म्हणूनच तुटत नाही. इतकी पातळ साल इन्सर्टच्या खाचेत वळतच नाही, वरून सटकते. पॉइंट तीन ठेव."

"पॉइंट तीन! दादा, मला भीती वाटते."

"वाटू दे की. फीड वाढव."

सात महिन्यांत तो कामाबद्दल एवढं पहिल्यांदाच बोलला.

शनिवार, ९ मार्च

पॉइंट तीन. डोळे मिटावेसे वाटत होते. नाही मिटले. आवाज बदलला, जाड झाला — आणि चिप तुटली! टपटप तुकडे पडायला लागले, स्वल्पविरामासारखे, ट्रेमध्ये खच. अकरा शाफ्ट एका टोकावर! सुपरवायझर एक तुकडा उचलून बघत गेले. घरी येताना उगाच लांबच्या रस्त्याने चालत आले.

सोमवार, ११ मार्च

लिहायला हात होत नाही.

इन्सर्ट विकणारा सेल्समन आला होता. बडबड्या माणूस. म्हणाला, "ताई, रंगावर जाऊ नका. रंग सगळ्यांना फसवतो." दोन सोनेरी इन्सर्ट भिंगाखाली ठेवले. तोच आकार, तेच कोटिंग. "आता वरची खाच बघा. ही रुंद, रफिंगची, जाड कट घ्यायला. ही बारीक, फिनिशिंगची, शेवटचा हात फिरवायला. रफिंगचा लावून हलका शेवटचा कट घेतलात, तर चिप त्या खाचेला शिवतच नाही. लांब दोरी होते. हातपाय जायचे कुणाचे!" आणि हसला.

अपघात झाला त्या दिवशी मी स्टोअरमध्ये लागले त्याला आठच दिवस झाले होते. दादाने खिडकीतून सांगितलं, फिनिशिंगचे दोन दे. मी सोनेरी दोन दिले. खाच? मला कुठे माहीत होतं, खाच असते म्हणून!

मंगळवार, १२ मार्च

स्टोअरचं रजिस्टर बघितलं. अपघाताच्या तारखेला माझंच अक्षर — 'फिनिशिंग, नग दोन.' आणि फिनिशिंगचा डबा पहिल्यांदा फोडल्याची नोंद त्यानंतर दोन आठवड्यांनी.

म्हणजे मी दिलेले रफिंगचे होते. म्हणजे मीच.

बुधवार, १३ मार्च

सकाळी वहिनी दादाच्या शर्टाची बटणं लावून देत होती. तो म्हणाला, "कॉलरचं नको, गळा आवळतो." ती म्हणाली, "आवळू दे, तेवढी बडबड कमी." दोघं हसले. मी जेवणाचा डबा तसाच ठेवून बाहेर पडले.

नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हा याच दोघांनी दार उघडलं. ही नोकरीही दादानेच शब्द टाकून मिळवून दिली. सांगितलं तर हे दार बंद. नाही सांगितलं तर रोज त्या हातासमोर बसून जेवायचं. दोन्हीची भीती वाटते. मशीनची भीती यापुढे काहीच नव्हती. ती निदान बटण दाबलं की थांबते.

अपघाताच्या अहवालात लिहिलंय — ऑपरेटरची चूक. खाली दादाची सही. डाव्या हाताने केलेली, वाकडीतिकडी.

गुरुवार, १४ मार्च

दोनदा त्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. दुसऱ्यांदा त्याने विचारलं, "काय गं?" म्हटलं, "चहा हवाय का?"

शुक्रवार, १५ मार्च

सांगितलं. वहिनी बाजारात गेली होती तेव्हा, एका दमात.

दादा खिडकीकडे बघतच म्हणाला, "बसवतानाच ओळखला होता मी. सुपरवायझर शेजारीच उभे होते. परत पाठवला असता, तर तुझी नोकरी तिथेच संपली असती. म्हटलं, सांभाळून काढू चार शाफ्ट."

मी दाराशीच खाली बसले.

बाहेर फाटक वाजलं. दादा घाईघाईने, अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "हे वहिनीला कळू देऊ नकोस."