निवडलेली माती

हैदराबाद, १२ डिसेंबर

माय,

तुले नि बाबाले इथूनच वाकून नमस्कार. प्रफुल, मायले सावकाश वाचून दाखव.

मी बरी आहो. मेसमध्ये रोज भात असते, पण आपल्या लुचई तांदळाची चव त्याले नाई. बाबाचा गुडघा कसा आहे?

तुहं पार्सल मिळालं. कोळसा टाकलेल्या अर्ध्या धानाच्या बांधीची नि बाकीच्या अर्ध्याची माती वेगवेगळ्या पुड्यात होती. उघडून पाह्यलं, तर तांदळासारखी निवडलेली, चाळलेली, उन्हात खडखडीत वाळवलेली! लेकीच्या कामाची माती म्हणून तू किती राबली असशील.

पण माय, मातीत डोळ्याले न दिसणारे जीव राह्यतात. ते धानाच्या मुळाशी आले, की धानातला कोणता जीन जागा होते, तेच मी शोधून राह्यली. वाळवल्यानं त्यातले बहुतेक मेले. सर म्हणाले, "तुमचं गाव अभ्यासाच्या यादीतून काढू का?" मी म्हटलं, "आठ दिवस द्या."

माती सुधरते म्हणून बाबानं माझ्याच शब्दावर कोळसा टाकला. लोकं अजून हासतात काय? त्यायले दाखवाले माझ्यापाशी काही तरी पाह्यजे.

म्हणून पुन्हा माती धाड, ओलीच. मुळं, ढेकळं, काडीकचरा, काहीच काढू नको. लाजू नको. हैदराबादले निघाली तवा बस सुटल म्हणून तू मले धानाच्या रोवण्यातून उठवून थेट रस्त्यावर नेलं होतं, पायसुद्धा धुवू दिले नव्हते. पोर जशी धाडली, तशीच माती धाड.

तुही,
रंजीता