खळीचा फ्रॉक

अंबरनाथ पूर्व,
१८ एप्रिल १९९४

ती. बनूताईस,
इंदूचा सप्रेम जयभीम. वि. वि.

एका स्टेशनाच्या अंतरावर राहून पत्र लिहिते म्हणून हसशील. पण हे तुझ्यासमोर बसून बोलता आलं नसतं.

चौदा तारखेला विहारात वंदना सुरू झाली आणि उत्पलाने अंगातला पांढरा फ्रॉक ओरबाडून काढला. पाच वर्षांची पोर, सगळ्यांसमोर शमीजवर किंचाळत उभी. मी थोबाडीत दिली. तेव्हापासून ती मला हात लावू देत नाही. तशी आधी तरी कुठे देत होती? वेणी, आंघोळ, रोज हेच.

मला रडू येत नाही, ताई. भाजी चिरते, ह्यांचा डबा भरते. पोरीकडे पाहिलं तरी आत काही हलत नाही. तिला कायमची माझ्याकडे ठेव, असं तू म्हणाली होतीस. आता हेही तयार आहेत. बुद्धपौर्णिमा झाली की आणून सोडते.

लोभ आहे तसा राहू दे.
तुझी इंदू

बदलापूर,
२३ एप्रिल १९९४

चि. इंदूस,
जयभीम आणि आशीर्वाद.

लग्नानंतर एवढं लांब पत्र पहिल्यांदाच लिहिलंस, तेही हे सांगायला! उत्पलाला जरूर आण. माझं घर रिकामंच आहे. तिच्या कपड्यांसाठी एक ट्रंकही मोकळी केली.

पण आधी एक कर. आमच्या शाळेतली एक मुलगी चपलेच्या पट्ट्यानेही रडायची. मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात ऑक्युपेशनल थेरपी म्हणून विभाग आहे. तिथे झोपाळ्यावर, गादीवर खेळवून तिच्यात पुष्कळ फरक पडला. पत्ता सोबत आहे. हरिचंद्ररावांना रजा काढायला लाव, मेहुणीचा हुकूम म्हणून सांग. मग काय ते ठरव.

मारलंस ते मात्र चुकलंच.

माया आहेच.
बनूताई

अंबरनाथ पूर्व,
२० मे १९९४

ती. बनूताईस,
सप्रेम जयभीम.

दोन बुधवार जाऊन आलो. तिथल्या बाईंनी तो फ्रॉक आणायला लावला. त्याची आतली बाजू माझ्या मनगटावर घासली आणि विचारलं, हे दिवसभर अंगात घालाल का? जयंती म्हणून मीच त्याला दोनदा खळ दिली होती. आपल्या पांढऱ्याला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून आई पेज गाळून खळ करायची, आठवतं ना?

बाई म्हणाल्या, हे लाड नाहीत, काही मुलांना साधा स्पर्शही सोसत नाही. मी हळू हात फिरवते, तोही तिला टोचतो म्हणे. त्यापेक्षा घट्ट दाबायचं, गोधडीत गुंडाळायचं. ऐकून वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. घरी येऊन गोधडी मात्र काढली.

वर्षभर दर बुधवारी बोलावलंय. तोवर तिला इथेच ठेवते. ट्रंक तशीच असू दे.

तुझी इंदू

अंबरनाथ पूर्व,
१६ मे १९९५

ती. बनूताईस,
सप्रेम जयभीम.

परवा पौर्णिमेला उत्पलाला आईच्या जुन्या पातळाचा फ्रॉक शिवला. शिवण बाहेरून, खळ नाही. मीही बिनखळीचंच नेसले. आमच्या विहारातल्या गयाबाईंनी विचारलंच, इस्त्रीवाला गावाला गेला की काय? पण पोरगी पंचशील शेवटपर्यंत म्हणत होती.

परतताना तिने माझा हात धरून स्वतःच्या पाठीवर ठेवला आणि जोरात दाब म्हणाली. ताई, मी शिवमंदिराच्या रस्त्यावर बसकण मारली आणि रडले. लोक बघत होते. ती वैतागली, कारण माझी आसवं तिच्या हातावर पडली आणि ओलं तिला अजून चालत नाही.

आता तिला कुठे ठेवणार नाही. ट्रंक भरून टाक. हे तुला लिहायला हात उचलत नव्हता.

तुझी इंदू

बदलापूर,
२१ मे १९९५

चि. इंदूस,
जयभीम.

ट्रंक कालच भरली. तुझं पत्र आल्यावर दोन दिवस उघडीच पडली होती. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? दवाखान्याचा पत्ता लिहिताना हे असं होईल, असं वाटलंच होतं.

सुट्टी संपायच्या आत आठ दिवस दोघी या. अभ्रे, चादरी, सगळं बिनखळीचं करून ठेवलंय. तोवर उत्पलाला माझी एक मिठी दे. हळू नको.

बनूताई